नागपूर ते ओझर: दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

नागपूरहून नाशिकला विमानाने जायला किती वेळ लागतो, हे मी पहिल्यांदा शोधले तेव्हा अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळाने मला ‘४१ मिनिटे’ असे उत्तर दिले. माझे माहेर नाशिकचे आणि लग्नानंतरचे सगळे आयुष्य नागपुरातले. त्यामुळे रात्रभर रेल्वेत बसून केलेल्या असंख्य प्रवासांनंतर हा आकडा वाचून मी हरखून गेले. सव्वादोनचे विमान होते, म्हणून धाकट्या भावाला सांगितले की तीन वाजता ओझरला ये. विमान उतरले चारला पाच मिनिटे कमी असताना. एप्रिलच्या उन्हात तो तासभर टर्मिनलबाहेर चहाचा थर्मास घेऊन उभा होता आणि मोबाईल सुरू करताच त्याचा संदेश दिसला, “ताई, विमान वाटेत पंक्चर झालं का?”

विमान वेळेवरच होते. चूक माझी होती. मी एका सूत्राने काढलेला आकडा वेळापत्रक समजून वाचला होता. त्यानंतर अंतर आणि वेळ या दोन्ही गोष्टी स्वतः तपासण्याची सवय मी लावून घेतली. प्रादेशिक विमानतळांदरम्यान पहिल्यांदाच प्रवास करणाऱ्यांसाठी ती पद्धत येथे क्रमाने मांडत आहे. उदाहरण नागपूर–ओझरचे घेतले आहे, परंतु कोणत्याही दोन विमानतळांसाठी हिशेब असाच करता येतो.

आधी जवळ काय ठेवावे

हिशेबासाठी मोबाईलवरील नकाशा, वर्गमूळ काढता येईल असा कॅल्क्युलेटर आणि कागद-पेन्सिल एवढेच पुरे आहे. प्रत्यक्ष प्रवासासाठी लागणारी कागदपत्रे सहाव्या टप्प्यात दिली आहेत.

१. आधी दोन्ही विमानतळ नेमके कोणते, ते निश्चित करा

हे सांगण्याची काय गरज, असे वाटेल. परंतु निम्म्या चुका येथेच होतात. नागपूरला प्रवासी विमानतळ एकच आहे. सोनेगावचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे त्याचे नाव आणि तिकिटावरील त्याची तीन अक्षरी खूण ‘एनएजी’ अशी आहे. नाशिकचे विमानतळ मात्र नाशिक शहरात नाही. ते शहराच्या ईशान्येला सुमारे वीस किलोमीटरवर, ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या धावपट्टीवर आहे. लढाऊ विमानांच्या बांधणीसाठी उभारलेल्या या जागेला लागून जानोरीच्या बाजूला प्रवासी टर्मिनल उभे राहिले ते २०१४ मध्ये. त्याची खूण ‘आयएसके’ आहे.

ही खूण लक्षात ठेवावी, कारण अंदाजाने टाइप केलेली अक्षरे भलतीकडे नेतात. नाशिक म्हणजे ‘एनएसके’ असणार असे गृहीत धरून मी एकदा अंतर शोधले, तर उत्तर पाच हजार तीनशे किलोमीटरहून अधिक आले. एनएसके हे रशियातील नोरिल्स्क या ध्रुवीय प्रदेशातल्या शहराच्या विमानतळाचे चिन्ह आहे. अंतर इतके अवाढव्य होते म्हणून चूक लगेच कळली. आकडा थोडा जवळपासचा असता तर मी तोच खरा मानला असता. काही ठिकाणी चार अक्षरी खुणाही दिसतात. नागपूरची ‘व्हीएएनपी’ आणि ओझरची ‘व्हीएओझेड’ या खुणा वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या कामाच्या आहेत, प्रवाशाला त्यांची गरज पडत नाही.

याच टप्प्यावर जवळचे पर्यायी विमानतळही पाहून ठेवावे. तुमचे काम सिन्नर किंवा कोपरगावच्या बाजूला असेल, तर काकडी येथील शिर्डी विमानतळ ओझरपेक्षा सोयीचे ठरू शकते. तसेच छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ शोधताना जुने नाव टाकल्यास बिहारमधील त्याच नावाच्या गावाचा रस्ता समोर येतो, याचे भान ठेवावे.

२. अंतर: कोणते अंतर विचारत आहात, ते ठरवा

नागपूर–नाशिक अंतर किती, या एका प्रश्नाची मला चार उत्तरे मिळाली आणि चारही बरोबर होती. विमानतळ ते विमानतळ सरळ हवाई अंतर सुमारे ५४५ किलोमीटर आहे. शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचे सरळ अंतर मात्र सुमारे ५६५ किलोमीटर भरते, कारण ओझर नाशिकच्या अलीकडे, म्हणजे नागपूरच्या बाजूला आहे. समृद्धी महामार्गाने गाडीने गेल्यास अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास होते. रेल्वेने भुसावळमार्गे नागपूर ते नाशिक रोड सुमारे ६५० किलोमीटर आहे. म्हणून मिळालेल्या आकड्यापुढे ‘कोठून कोठपर्यंत’ आणि ‘कशाने’ हे लिहिलेले नसेल, तर त्या आकड्यावर बेत आखू नये.

हवाई अंतर स्वतः काढणे अवघड नाही, आणि एकदा काढून पाहिले की संकेतस्थळांचे आकडे पारखता येतात. नकाशावर विमानतळाच्या जागेवर बोट दाबून धरले की अक्षांश आणि रेखांश दिसतात. नागपूर विमानतळाचे अक्षांश २१.०९२ आणि रेखांश ७९.०४७ आहेत, ओझरचे अक्षांश २०.११९ आणि रेखांश ७३.९१३ आहेत. आता पुढीलप्रमाणे करावे.

अक्षांशांतील फरक ०.९७३ अंश आहे. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र साधारण १११ किलोमीटरचा असतो, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर १०८ किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक ५.१३४ अंश आहे. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आखूड होत जातो. आपल्या विदर्भ-खानदेशाच्या पट्ट्यात तो साधारण १०४ किलोमीटरचा धरावा. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ५३४ किलोमीटर झाले. शाळेतला काटकोन त्रिकोण येथे उपयोगी पडतो: १०८ चा वर्ग ११,६६४, ५३४ चा वर्ग २,८५,१५६, बेरीज २,९६,८२० आणि तिचे वर्गमूळ सुमारे ५४५.

पृथ्वी गोल असताना हा सपाट त्रिकोण कसा चालेल, अशी शंका माझ्या मुलाने काढली होती आणि ती रास्त आहे. दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग गोलावर किंचित वक्र असतो, परंतु साडेपाचशे किलोमीटरच्या या टप्प्यात नकाशावरील सरळ रेषेपासून तो मध्यभागी जेमतेम दोन किलोमीटर बाजूला सरकतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही पद्धत बिनधास्त वापरावी. नागपूर–दुबई काढायला मात्र वापरू नये.

नकाशावर ती रेषा ओढून पाहण्यासारखी आहे. ती अमरावतीच्या थोडी दक्षिणेकडून निघते, अकोला आणि बुलढाणा यांच्या जवळजवळ डोक्यावरून जाते आणि मनमाडजवळून ओझरला पोहोचते. प्रत्यक्ष विमान तंतोतंत या रेषेवरून जात नाही. ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेत गेल्याने प्रत्यक्ष कापलेले अंतर थोडे अधिक असते.

याच रीतीने मी नागपूरहून आणखी काही अंतरे काढून ठेवली आहेत: चिकलठाणा सुमारे ४०४ किलोमीटर, पुण्याचे लोहगाव सुमारे ६०५, मुंबई सुमारे ६८३ आणि कोल्हापूरचे उजळाईवाडी सुमारे ७०२ किलोमीटर. मुंबईपेक्षा कोल्हापूर लांब, हे पाहून मला स्वतःला आश्चर्य वाटले होते.

एककांचा घोटाळा वेगळाच आहे. अनेक संकेतस्थळे एकाच अंतराचे तीन आकडे शेजारी-शेजारी देतात: ५४५ किलोमीटर, ३३९ मैल आणि २९४ सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि विमानवाहतुकीत तोच वापरतात. आपल्या झिरो माईलच्या दगडावरील अंतरे मैलांत आहेत हे नागपूरकरांना ठाऊक असते, पण हा मैल तो मैल नव्हे. घाईत २९४ हा आकडा किलोमीटर समजून वाचला, तर सगळाच हिशेब कोलमडतो.

३. वेळ: ‘उड्डाणाचा वेळ’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो

माझी फजिती जेथे झाली तो हा टप्पा, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते.

पहिला वेळ सूत्राचा. अंतर मोजून देणारी संकेतस्थळे बहुतेकदा ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा एकच वेग धरतात आणि अंतराला त्याने भागतात. ५४५ भागिले ८०० म्हणजे ४१ मिनिटे. माझे ४१ मिनिटांचे गूढ एवढेच होते. हा वेग मोठ्या जेट विमानाचा आहे, आणि तोही ते उंचावर स्थिर उडत असतानाचा. प्रादेशिक मार्गांवर बहुधा एटीआर ७२ जातीचे पंख्यांचे विमान असते आणि त्याचा स्थिर वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने भागल्यास उत्तर ६५ मिनिटे येते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी विमानाचा प्रकार पाहावा. आरक्षणाच्या पानावर ‘एटीआर’ किंवा ‘ए३२०’ (हे जेट विमान) असे लहान अक्षरांत लिहिलेले असते.

दुसरा वेळ प्रत्यक्ष हवेतला. विमान उडताच पूर्ण वेग घेत नाही; चढताना, उतरताना आणि धावपट्टीच्या दिशेला वळताना त्याचा वेग कमी असतो. यासाठी दहा ते पंधरा मिनिटे वाढवावीत.

तिसरा वेळ तिकिटावरचा, आणि बेत आखताना तोच धरावा. विमान जागेवरून हलते त्या क्षणापासून पोहोचल्यावर जागेवर थांबते त्या क्षणापर्यंतचा हा वेळ असतो. विमानवाहतुकीत त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे आणि उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणे हे सगळे त्यात येते, आणि उशिराची थोडी तरतूद कंपन्या त्यातच करून ठेवतात. नागपूर–ओझरसाठी एटीआरने तो दीड ते पावणेदोन तासांचा धरावा. भारतभर प्रमाणवेळ एकच असल्याने पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की हा आकडा हाती येतो. परदेशी प्रवासात वेळेच्या फरकामुळे हे इतके सोपे नसते.

झटपट अंदाजासाठी मी स्वतःपुरता एक ठोकताळा ठरवला आहे: एटीआर असेल तर किलोमीटरना ५०० ने भागून आलेल्या वेळेत अर्धा तास मिळवावा, आणि जेट असेल तर ८०० ने भागून तेवढाच अर्धा तास मिळवावा. ओझरसाठी एटीआरने १ तास ३५ मिनिटे येतात. उत्तर तिकिटावरील वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे इकडे-तिकडे येते, आणि भावाला किती वाजता बोलवायचे ते ठरवायला एवढे पुरते.

या ठोकताळ्यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. तो अर्धा तास अंतर कितीही असले तरी द्यावाच लागतो, म्हणून अंतर जितके कमी तितके विमानाचे महत्त्व कमी. नागपूर ते गोंदियाजवळील बिरसी हे हवाई अंतर जेमतेम १३८ किलोमीटर आहे. हवेत सतरा मिनिटे आणि बाकीच्या सोपस्कारांना अर्धा तास, असा तो मामला होईल. तेथे रस्ता किंवा रेल्वेच बरी.

जातानाचा आणि येतानाचा वेळ सारखा नसतो, याचेही नवख्यांना कोडे पडते. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. नाशिककडे जाताना ते समोरून येतात आणि नागपूरला परतताना पाठीशी असतात. ताशी ३७ किलोमीटरचा समोरचा वारा असेल तर ६५ मिनिटांची सुमारे ७० होतात, आणि तोच वारा पाठीशी असेल तर सुमारे ६१. फरक मोठा नाही, पण पुढची गाडी गाठायची असेल तर तो ध्यानात असावा.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दलही एक सूचना. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसकडे जातो, तापलेली जमीन हवेला वर ढकलत राहते आणि एटीआरसारखे तुलनेने कमी उंचीवरून जाणारे विमान चांगलेच हेलकावे खाते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी या दिवसांत सकाळचे विमान निवडावे. चौघींसोबत केलेल्या अशा एका दुपारच्या प्रवासाचे वर्णन मी येथे टाळते.

४. वेळापत्रक तपासताना

नागपूर–नाशिक थेट विमानसेवा इंडिगोने मार्च २०२३ मध्ये सुरू केली. परंतु प्रादेशिक मार्गांची सेवा मुंबई–दिल्लीसारखी गृहीत धरता येत नाही. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या दोन तारखांच्या आसपास मार्ग बंद होणे, वेळ बदलणे किंवा आठवड्यातील दिवस कमी होणे हे सर्रास घडते. म्हणून मैत्रिणीने दिवाळीत सांगितलेली वेळ एप्रिलमध्ये खरी धरू नये. लग्नाची तारीख एप्रिलची असेल आणि तिकीट जानेवारीत काढत असाल, तर नवे वेळापत्रक लागू झाल्यावर एकदा पुन्हा तपासावे.

छोट्या विमानतळांवरील काही मार्ग ‘उडान’ योजनेत असतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आणलेल्या या योजनेत साधारण ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्याची मूळ कल्पना होती. अंतराचा हिशेब खिशाशी असा जोडलेला आहे. मात्र कंपनीला मिळणारे अर्थसाहाय्य तीन वर्षांपुरते असते आणि ते संपल्यावर मार्ग टिकेलच असे नाही. असा मार्ग असेल तर परतीचे तिकीटही लगेच काढून ठेवावे.

सर्वांत मोठा सापळा थेट विमान नसलेल्या दिवशी लागतो. त्या दिवशी संकेतस्थळ ‘विमान नाही’ असे सांगत नाही. ते हैदराबाद किंवा दुसऱ्या एखाद्या शहरावरून जाणारा मार्ग दाखवते. नागपूर ते हैदराबाद सुमारे ४३३ किलोमीटर आणि तेथून ओझर सुमारे ५७३, म्हणजे ५४५ किलोमीटरच्या प्रवासासाठी तुम्ही हजार किलोमीटर उडता आणि मधले काही तास विमानतळावर काढता. शोधताना ‘नॉन-स्टॉप’ हा पर्याय निवडावा. ‘डायरेक्ट’ असे लिहिलेले विमान मध्ये एखाद्या ठिकाणी उतरूही शकते. विमान बदलावेच लागणार असेल, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर आहेत याची खात्री करावी. दोन वेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान रखडले, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही.

५. घराच्या दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडा

विमानाचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे, हे सगळ्यांना मान्य असते. कागदावर मांडून मात्र फार थोडे पाहतात. माझ्या घराचा हिशेब असा आहे. त्रिमूर्तीनगरातून सोनेगावला पोहोचायला वीस मिनिटे, परंतु मी अर्धा तास धरते. विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचे. तिकिटावरचा वेळ १ तास ४० मिनिटे. ओझरला सामान हाती येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे. विमान लहान आणि प्रवासी सत्तर-ऐंशीच असल्याने येथे फार खोळंबा होत नाही. तेथून नाशिक शहरात पोहोचायला पाऊण ते एक तास. एकूण बेरीज सव्वापाच ते साडेपाच तासांची होते. ४१ मिनिटांपासून आपण येथवर आलो.

तुलनेसाठी बाकीचे पर्याय पाहावेत. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी असा ५२० किलोमीटर खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता सुरू झाला. शिवमडक्याहून चढून सिन्नरजवळ उतरावे आणि नाशिक गाठावे. जेवण आणि विश्रांती धरून साडेसात-आठ तास लागतात. मोटारीला कमाल वेग ताशी १२० किलोमीटर आहे, पण सरळसोट रस्त्यावर डोळ्यांवर येणारी झापड हा तेथला खरा धोका आहे, म्हणून दर दोन तासांनी थांबावेच. रेल्वेने विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने दहा-बारा तास जातात, पण ते रात्रीचे आणि झोपेतले असल्याने दिवस मोडत नाही.

माझे मत विचाराल तर एकटी असेन आणि सामान थोडे असेल तर मी विमानाने जाते. घरचे चौघे असतील तर गाडी काढतो, कारण विमानाने वाचणारे अडीच तास चार तिकिटांच्या किमतीला महाग पडतात. आणि आईसाठी संत्र्यांच्या दोन पेट्या न्यायच्या असतील तर निमूटपणे रेल्वे.

मेट्रोने विमानतळ गाठण्याचा विचार असेल तर एवढे लक्षात ठेवावे की बर्डीहून (सीताबर्डीहून) ऑरेंज लाइनने ‘एअरपोर्ट’ स्थानकापर्यंत स्वस्तात आणि वेळेवर पोहोचता येते, पण ते स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. पुढच्या तुकड्यासाठी ऑटो करावा लागतो, आणि जड बॅग असेल तर तोच तुकडा सर्वांत त्रासाचा होतो. ओझरच्या बाजूची अडचण वेगळी आहे. तेथे विमानांची संख्या कमी असल्याने बाहेर टॅक्सींची रांग उभी असेलच असे नाही, विशेषतः संध्याकाळनंतर. घेणारे कोणी नसेल तर नागपूरहून निघण्यापूर्वीच गाडी ठरवून ठेवावी आणि चालकाला तिकिटावरची पोहोचण्याची वेळ पाठवावी.

६. कागदपत्रे आणि सामान

तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी हे आरक्षण करतानाच पाहावे. माहेरच्या नावाचे तिकीट आणि सासरच्या नावाचे आधार कार्ड घेऊन दारावर वाद घालण्यात अर्थ नसतो. जवळ ठेवायच्या गोष्टी अशा:

- मूळ छायाचित्र ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी एक.
- दोन वर्षांखालील बाळ असेल तर त्याचा जन्मदाखला.
- बोर्डिंग पास, मोबाईलवर आणि शक्य असल्यास कागदावरही. बॅटरी ऐन वेळी संपते.
- पॉवर बँक हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात ती चालत नाही.

देशांतर्गत प्रवासात साधारणपणे चेक-इन सामान १५ किलो आणि हातातील सामान ७ किलो चालते. तुमच्या तिकिटाची मर्यादा तिकिटावरच पाहावी. एटीआरमधील डोक्यावरचे कप्पे लहान असतात, म्हणून मोठ्या विमानात चालणारी चाकांची बॅग येथे अडते. मी एकदा दहा किलोची संत्र्यांची पेटी आणि आठ किलोची बॅग काट्यावर ठेवली आणि तीन किलोंसाठी पेटीची दोरी सोडून काउंटरसमोर संत्री ओढणीत बांधत बसले. मागच्या रांगेतील एका आजोबांनी दोन मागून घेतली, तेवढाच भार हलका झाला. घरी वजन करून निघावे. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि विमानात शिरण्याचे दार सुमारे पंचवीस मिनिटे आधी. या दोन्ही वेळा सुटण्याच्या वेळेपासून उलट मोजायच्या असतात.

एटीआर ७२ मध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि आसने दोन-दोन अशी असतात. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचा प्रदेश छान दिसतो, त्यामुळे खिडकी मागायला लाजू नये. ओझर संरक्षण उत्पादनाच्या आवारालगत असल्याने तेथे छायाचित्रणाच्या बंदीचे फलक असतील तेथे मोबाईल खिशात ठेवावा.

७. विमान रखडले किंवा रद्द झाले तर

ब्लॉक टाइमचा आणखी एक उपयोग येथे आहे, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशाचे हक्क याच वेळेनुसार ठरतात. अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, तर वाट पाहणाऱ्या प्रवाशांना खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक असते. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवड करता येते. विमान रद्द झाले आणि त्याची सूचना नियमातील मुदतीत दिली नसेल, तर भरपाई मिळते: एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमसाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० आणि त्याहून अधिकसाठी १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. नागपूर–ओझर मधल्या गटात येते. हवामान किंवा सुरक्षा यांसारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही, म्हणून रद्द होण्याचे कारण काउंटरवरून लेखी किंवा संदेशाद्वारे मागून घ्यावे. तक्रारीसाठी सरकारचे एअरसेवा हे पोर्टल आहे. आरक्षण करताना स्वतःचा मोबाईल क्रमांक द्यावा. दलालाचा दिला तर सगळ्या सूचना त्याच्याकडे जातात आणि कंपनी ‘आम्ही कळवले होते’ असे म्हणायला मोकळी होते.

८. घ्यायला येणाऱ्याला काय सांगावे

पोहोचण्याची वेळ सांगावी, सुटण्याची नव्हे. आणि ‘तासाभरात येते’ असे तर कधीच म्हणू नये. आता मी विमानाची दारे बंद झाली की भावाला एकच संदेश पाठवते. तो घड्याळ लावतो, एक तासाने घरून निघतो आणि पाऊण तासात ओझरला येतो. मी बॅग घेऊन बाहेर येईपर्यंत त्याला टर्मिनलबाहेर पंधरा मिनिटेसुद्धा थांबावे लागत नाही. थर्मास मात्र तो अजूनही आणतो.